मालकी आणि वहिवाट : यूटॉरेंटच्या विक्रीनंतरचा वाद

एखादे शेत विकले जाते तेव्हा खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा लिहिल्या जातात. परंतु त्या शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे पाणवठ्याला जाणारी जी पाऊलवाट असते तिचा उल्लेख पुष्कळदा राहूनच जातो, आणि नवा मालक तेथे कुंपण घालू लागला की मगच त्या वाटेने जाणाऱ्यांना आपला तिच्यावर काही हक्क होता की नव्हता, हा प्रश्न प्रथम पडतो. संगणकाच्या क्षेत्रात याच जातीची एक तकरार गेली पंचवीस वर्षे पुनःपुन्हा उपस्थित होत आली आहे. लोकांनी जिव्हाळ्याने वापरलेला, फुकट मिळालेला आणि त्यांच्याच सहभागाने वाढलेला फाइल-वाटपाचा एखादा प्रोग्राम कोणी कंपनी विकत घेते. व्यवहार कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो, विकणारा मालकच असतो, घेणाऱ्याने दामही मोजलेले असतात. तरीसुद्धा वापरणाऱ्यांच्या मनात आपले काही तरी आपल्याला न विचारता विकले गेले, अशी खंत उरते. या खंतीचे स्वरूप काय, तिला आधार कितपत आहे, तिला निरनिराळ्या पक्षांनी काय उत्तरे दिली, आणि अद्याप कोणते प्रश्न अनिर्णित आहेत, याचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे. विवेचनासाठी यूटॉरेंट या प्रोग्रामाचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे. कारण २००६ आणि २०१८ अशा दोन हस्तांतरांच्या मधला त्याचा बारा वर्षांचा इतिहास आपल्यासमोर पुरेसा उघडा आहे.

पूर्वपीठिका

पत्रलेखनाचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम एकट्या माणसाच्या संगणकावरही आपले काम चोख करतो. फाइल-वाटपाचा प्रोग्राम मात्र एकट्याच्या हाती निव्वळ निरुपयोगी ठरतो. दुसऱ्या टोकाला कोणी तरी आपली फाइल, आपली वीज आणि आपल्या जोडणीची गती खर्चून बसलेला आहे, एवढ्यानेच त्याला मोल येते. म्हणून अशा प्रोग्रामाची किंमत ठरवताना तिचा किती अंश लेखकाच्या बुद्धीचा आणि किती अंश वापरणाऱ्यांच्या औदार्याचा, याची वाटणी करणे मुळातच बिकट आहे.

या क्षेत्रातील पहिले मोठे नाव नॅपस्टर. १९९९ साली शॉन फॅनिंग या तरुणाने ते सुरू केले, संगीत-कंपन्यांच्या दाव्यात न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर २००१ च्या जुलैत ते थांबले, आणि २००२ साली दिवाळखोरीत गेले. रॉक्सिओ या कंपनीने सुमारे पन्नास लाख डॉलरांना त्याचे नाव व पेटंटे घेतली आणि २००३ च्या ऑक्टोबरात त्याच नावाने गाणी विकण्याचे रीतसर दुकान उघडले. कानांवर हेडफोन चढवलेल्या मांजराचे चिन्ह तेच राहिले. ज्या लोकांच्या संग्रहांमुळे त्या चिन्हाला अर्थ आला होता, ते लोक मात्र त्यात उरले नव्हते. नाव आणि वस्तू यांची फारकत इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला आढळलेले नाही.

कझा या प्रोग्रामाची कथा निराळी आहे. निक्लस झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांच्या कंपनीकडून तो २००२ च्या जानेवारीत शारमन नेटवर्क्स या कंपनीने घेतला. पुढे त्याच्यासोबत संगणकात उतरणाऱ्या जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या घटकांविषयी इतकी ओरड झाली की ते घटक गाळून तयार केलेली ‘कझा लाइट’ ही अनधिकृत आवृत्तीच लोक पसंत करू लागले. नव्या मालकाने या आवृत्तीविरुद्ध कॉपीराइटच्या कायद्याचा आश्रय घेतला, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना विलक्षण वाटली. पण मालकाच्या बाजूने पाहता ती तर्काला धरूनच होती.

याच मालिकेत नलसॉफ्टचा उल्लेख केला पाहिजे. विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामाची निर्मिती करणारी ही छोटी कंपनी १९९९ साली एओएल या बड्या इंटरनेट-कंपनीने विकत घेतली. आणि २००० च्या मार्चमध्ये तिच्याच जस्टिन फ्रँकेल व टॉम पेपर यांनी नूटेला हा फाइल-वाटपाचा प्रोग्राम लोकांसाठी ठेवला, तेव्हा एओएलने तो एका दिवसात काढून टाकला. तोपर्यंत ज्यांनी तो उतरवून घेतला होता त्यांच्यातील जाणकारांनी त्याचे संदेशवहनाचे नियम उकलले, आणि एओएलच्या हुकमाला न जुमानता ते जाळे पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. प्रोग्राम मालकाच्या ताब्यात असतो, परंतु नियम एकदा लोकांच्या हाती गेले की ते परत घेता येत नाहीत, हा धडा येथे प्रथम मिळाला. यूटॉरेंटच्या वादात तोच पुढे निर्णायक ठरतो.

प्रोग्राम आणि त्याची विक्री

ब्रॅम कोहेन याने २००१ साली बिटटॉरेंटची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात फाइलचे लहान लहान तुकडे होतात, आणि जो तुकडा आपल्याला मिळाला तो आपण लगेच दुसऱ्याला देऊ लागतो. त्यामुळे घेणारांची गर्दी वाढली की देणारेही वाढतात. कोहेनचा मूळ प्रोग्राम खुल्या सोर्स कोडचा होता, म्हणजे त्याची मूळ लिखावट कोणालाही वाचता व बदलता येत असे. त्यानंतर आलेला अझ्युरियस हाही खुला आणि गुणसंपन्न होता, पण जावा या भाषेत लिहिलेला असल्यामुळे त्या काळच्या सामान्य संगणकाला तो जड पडे.

या पार्श्वभूमीवर २००५ च्या सप्टेंबरात स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउस याने यूटॉरेंट प्रसिद्ध केला. नावातले पहिले अक्षर ग्रीक म्यू, म्हणजे ‘सूक्ष्म’ या अर्थाचे. आणि प्रोग्राम नावाला जागणारा होता. दोनशे किलोबाइटांहूनही लहान अशा एकाच फाइलमध्ये त्याने अझ्युरियसची बहुतेक साधने बसवली होती. जुन्या, तुटपुंज्या स्मृतीच्या संगणकावर इतर कामे चालू असताना तो चालू आहे याची जाणीवही होत नसे. आपल्याकडे त्या सुमारास बीएसएनएलच्या ब्रॉडबँडच्या एका योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळातील वापर मोजला जात नसे. यूटॉरेंटमध्ये आठवड्याच्या सात दिवसांच्या चोवीस तासांचे एकशे अडुसष्ट चौकोन मांडलेला एक तक्ता होता. त्यात पहाटेचे तेवढे चौकोन हिरवे ठेवून मी निजत असे, आणि सकाळी उठून पाहावे तो लिनक्सची सातशे मेगाबाइटांची सीडी येऊन पडलेली असे. इतक्या लहान वस्तूत इतका विचार कोणी केला आहे, याचे जे कौतुक तेव्हा वाटले ते आजही ओसरलेले नाही; आणि पुढे जी निराशा वर्णन करावयाची आहे तिचे मूळ या कौतुकातच आहे, असे माझे मत आहे.

यूटॉरेंट खुला मात्र नव्हता. तो फुकट होता. पण सोर्स कोड एकट्या लेखकाच्या मालकीचा आणि बंद होता. २००६ च्या डिसेंबरात तो बिटटॉरेंट इन्कॉर्पोरेटेड या कोहेनच्याच सॅन फ्रान्सिस्को येथील कंपनीने विकत घेतला. वरवर पाहता याहून योग्य ग्राहक कोणता असणार? पद्धतीचा जनक आणि तिचा सर्वोत्तम प्रोग्राम एका छपराखाली येत होते. परंतु या कंपनीने २००५ साली अमेरिकेतील चित्रपट-निर्मात्यांच्या संघटनेशी करार करून आपल्या शोध-सेवेतून बेकायदा चित्रपटांचे दुवे काढून टाकण्याचे मान्य केले होते, आणि चित्रपट-कंपन्यांशी तिची व्यापारी बोलणीही चालू होती. त्यामुळे आता आपल्या संगणकात बसलेला विश्वासू सेवक कोणाच्या चाकरीत गेला, ही शंका पहिल्याच दिवशी उत्पन्न झाली.

या शंकेला आणखी एक कायदेशीर संदर्भ होता. २००५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रोकस्टर या फाइल-वाटपाच्या प्रोग्रामाविषयीच्या खटल्यात असा निर्णय दिला होता की, कॉपीराइटभंगाला चिथावणी देण्याच्या उद्देशाने जो असे साधन पुरवील तो त्या भंगाला जबाबदार धरला जाईल. कचेरी, खाते आणि भागीदार असलेल्या कंपनीला या निर्णयाची धास्ती बाळगूनच चालावे लागणार होते. घरी बसून लिहिणाऱ्या एकट्या लेखकाकडे मात्र कोणाचे सहसा लक्ष जात नव्हते.

विक्रीनंतरची बारा वर्षे

प्रारंभीची भीती खरी ठरली नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. वापरणाऱ्यांची नावे चित्रपट-कंपन्यांना दिली जातील, असे जे अनेकांना वाटत होते तसे काही सिद्ध झाले नाही. २००७ च्या फेब्रुवारीत कंपनीने चित्रपट व मालिका विकण्याचे आणि भाड्याने देण्याचे स्वतःचे दालन उघडले, पण ते पुढच्याच वर्षी बंद पडले. उलट त्याच २००७ साली एक वेगळी गोष्ट घडली, जिच्याकडे या वादात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही: कंपनीच्या मूळ, खुल्या बिटटॉरेंट प्रोग्रामाची सहावी आवृत्ती यूटॉरेंटवरच बेतली गेली, आणि त्यामुळे जो प्रोग्राम आजवर खुला होता तोही बंद झाला. लोक यूटॉरेंटविषयी हळहळत होते. सार्वजनिक मालमत्तेतून वस्तुतः जे गेले ते दुसरेच होते.

कंपनीच्या खात्यावर एक मोठी जमेची बाजूही आहे. टॉरेंट चालू असता घरातील इतरांचे इंटरनेट गुदमरते, ही जुनी तक्रार होती. आणि अमेरिकेत इंटरनेट पुरवणारी कॉमकास्ट ही कंपनी टॉरेंटच्या जोडण्यांत हस्तक्षेप करते, हे २००७ साली उघड झाल्यावर त्या तक्रारीला राजकीय स्वरूप आले. बिटटॉरेंट कंपनीच्या अभियंत्यांनी यावर वहनाची एक नवी रीत तयार केली. तिच्यात वाटेत होणारा विलंब सतत मोजला जातो, आणि रस्त्यावर गर्दी होते आहे असे दिसताच टॉरेंट आपण होऊन बाजूला सरते. २०१० साली यूटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली, तिचा सोर्स कोड त्याच वर्षी खुला करण्यात आला, आणि तिच्यामागील तत्त्व २०१२ साली इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजांत नोंदले गेले. एकट्या लेखकाला हे काम, आणि विशेषतः ते इतरांच्या गळी उतरवण्याचे काम, साधले असते असे वाटत नाही.

निराशेचा खरा काळ तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ नंतर सुरू होतो. प्रोग्रामाचा आकार वाढत गेला. इन्स्टॉल करताना टूलबार व इतर उपरी मंडळी सोबत येऊ लागली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये टॉरेंटच्या यादीतच जाहिराती दाखवण्याचे जाहीर झाले, आणि त्यावर क्षोभ झाल्यावर त्या बंद करण्याची सोय देण्यात आली. २०१५ च्या मार्चमध्ये तर एपिक स्केल नावाचा, संगणकाच्या फावल्या शक्तीवर आभासी चलन कमावणारा प्रोग्राम यूटॉरेंटबरोबर येत असल्याचे आढळले. ‘आम्ही संमती दिलीच नव्हती,’ असे पुष्कळांचे म्हणणे होते. ‘संमतीवाचून तो बसतच नाही,’ अशी कंपनीची कैफियत होती. त्याच महिन्यात तो काढून घेण्यात आला. अखेरीस २०१८ साली जस्टिन सन याच्या ट्रॉन या आभासी चलनाच्या संस्थेने संपूर्ण कंपनीच घेतली, आणि पुढच्या जानेवारीत बिटटॉरेंटच्या नावाचे चलन बाजारात आले.

निरनिराळे पक्ष

पहिला पक्ष वापरणाऱ्यांचा. त्यांचा दावा स्थूलमानाने वहिवाटीचा आहे. आम्ही दाम दिले नसतील, पण कच्च्या आवृत्त्या वापरून त्यांतले दोष आम्ही कळवले, प्रोग्रामाचे शब्द आपापल्या भाषांत आणले, नवख्यांना शिकवले, आणि फाइल पूर्ण उतरल्यावरही संगणक चालू ठेवून ती इतरांना पुरवीत, म्हणजे सीड करीत, राहिलो. तेव्हा विक्रीत ज्याचे पैसे झाले त्यातला काही भाग आमच्या श्रमाचा होता. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र जी गोष्ट नॅपस्टरच्या किंवा कझाच्या वापरणाऱ्यांना लागू होती ती येथे तंतोतंत लागू होत नाही. ती जाळी मालकांच्या प्रोग्रामांशी जखडलेली होती. टॉरेंटचे नियम सर्वांना खुले असल्यामुळे यूटॉरेंट सोडून दुसरा प्रोग्राम घेणारा माणूस त्याच फाइलच्या त्याच समुदायात राहतो, त्याच लोकांकडून घेतो आणि त्यांनाच देतो. म्हणजे पाऊलवाट कोणी अडवलीच नाही. मग दुःख कशाचे? माझ्या समजुतीप्रमाणे ते एका सुबक वस्तूच्या विरूपतेचे आहे. आणि ते कमी प्रतीचे दुःख आहे असे मानण्याचे मला कारण दिसत नाही.

दुसरा पक्ष लेखकाचा. एकट्याने लिहिलेला प्रोग्राम कोट्यवधींनी वापरावा आणि त्याची देखभाल, प्रश्नोत्तरे, सुरक्षेतील दोष आणि कायद्याची टांगती तलवार त्याने जन्मभर विनामूल्य वाहावी, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? स्ट्रिगेउस विक्रीनंतर स्पॉटिफाय या नव्या कंपनीत रमला, आणि तिच्या संगीत-सेवेत २०१४ पर्यंत वापरणाऱ्यांच्या संगणकांतूनच गाण्यांची परस्पर देवघेव होत होती. म्हणजे ज्या कौशल्याला एका ठिकाणी बाजार नव्हता त्याला दुसरीकडे रीतसर घर मिळाले. या पक्षाला विरोध करणारे फार थोडे आहेत. लोकांचा राग बहुधा विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यावरच निघाला, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे.

तिसरा पक्ष कंपनीचा. २०१२ च्या जानेवारीत तिने आपल्या दोन्ही प्रोग्रामांचे मिळून दरमहा पंधरा कोटी वापरणारे असल्याचे जाहीर केले. इतक्या लोकांना फुकट वस्तू पुरवायची तर अभियंत्यांचा पगार कोठून तरी निघालाच पाहिजे; पैसे देऊन घ्यावयाची आवृत्ती ठेवली तर ती थोडेच घेतात; मग जाहिरात आणि सोबतचे प्रोग्राम यांवाचून तिसरा मार्ग उरत नाही, असे तिचे म्हणणे. ज्यांना जाहिरात नको त्यांना ती बंद करण्याची किंवा पैसे भरण्याची मुभा होती, हेही खरे.

चौथा पक्ष मुक्त प्रोग्रामांच्या पुरस्कर्त्यांचा. त्यांच्या मते तकरार विक्रीच्या दिवशी उत्पन्न झालेली नाही. ज्या दिवशी लोकांनी बंद प्रोग्रामावर जीव लावला त्याच दिवशी ती उत्पन्न झाली होती. परवाना खुला असता तर कोणीही शेवटच्या चांगल्या आवृत्तीपासून वेगळी शाखा काढू शकला असता. क्यूबिटटॉरेंट हे त्यांचे मुख्य उदाहरण: २००६ साली क्रिस्तोफ द्यूमे या फ्रेंच विद्यार्थ्याने सुरू केलेला, आर्विड नॉरबर्ग याच्या लिबटॉरेंट या खुल्या संचावर उभा असलेला आणि आजही जाहिरातींवाचून चालू असलेला. परंतु खुला परवाना हा रामबाण उपाय आहे, असे अझ्युरियसचा इतिहास पाहता म्हणवत नाही. तो खुला असूनही कंपनीच्या हाती व्ह्यूझ या नावाने व्हिडिओ-दालने आणि जाहिरातींनी अवजड झाला. आणि त्याच्या जुन्या लेखकांनी त्यातून बिग्लीबीटी ही स्वच्छ शाखा काढली ती २०१७ साली, म्हणजे बहुतेक लोक कंटाळून निघून गेल्यानंतर. शाखा काढण्याचा हक्क आणि ती काढून चालवण्याची उमेद, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय नॉरबर्ग पुढे काही वर्षे बिटटॉरेंट कंपनीतच काम करीत होता. तेव्हा खुला पक्ष आणि व्यापारी पक्ष यांच्या दरम्यानची सीमा दिसते तितकी काटेकोर नाही.

अनिर्णित राहिलेले

निराशा मोजावी कशी, हा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे मांडले की, असंतुष्ट माणसापुढे बाहेर पडणे आणि बोलून दाखवणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा जितकी अधिक तितका तो दुसरा मार्ग आधी चोखाळतो. यूटॉरेंटच्या बाबतीत बाहेर पडण्याला काहीच खर्च नव्हता, तरी लोक वर्षानुवर्षे बोलत राहिले. आणि तक्रारी वाढत असतानाच वापरणाऱ्यांची संख्याही वाढत होती. यावरून तक्रार मूठभरांची होती असे कंपनीला म्हणता येते. जे जुने जाणकार गेले त्यांची जागा नवख्यांनी भरून काढली, असेही म्हणता येते. संख्येवरून या दोहोंत निवाडा होत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गहन आहे, आणि माझ्या मते या सर्व वादाचे मर्म त्यात आहे. यूटॉरेंट विकला गेला तेव्हा सोर्स कोड गेला, नाव गेले. पण यांहून मौल्यवान असे आणखी काही गेले. ज्यांनी पूर्वी एकदा विश्वासाने तो प्रोग्राम आपल्या संगणकात घेतला होता त्या सर्वांच्या घरात नवी आवृत्ती पाठवण्याची वाट नव्या मालकाला मिळाली. ही संमती लोकांनी स्ट्रिगेउसला दिली होती. ती व्यक्तीला दिलेली होती की वस्तूसोबत वारशाने जाणारी होती? जमिनीच्या व्यवहारात मुखत्यारपत्र देणारा व घेणारा दोघेही ठाऊक असतात, आणि मुखत्याराला आपला अधिकार परस्पर तिसऱ्याला विकता येत नाही. प्रोग्रामाच्या व्यवहारात ‘मान्य आहे’ या एका बटणावर असा अधिकार दिला जातो, आणि मालक बदलल्यावर तो पुन्हा मागितला जावा की नाही, याविषयी सर्वमान्य रिवाज अद्याप पडलेला नाही. २०१५ च्या प्रसंगात दोन्ही बाजू संमतीविषयीच भांडत होत्या, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. पुष्कळांनी नव्या मालकाला वाट द्यावयाची नाही असे ठरवून अपडेट बंद केले आणि जुन्या आवृत्तीशी इमान राखले, आरंभी १.६ शी, आणि पुढे दीर्घकाळ २.२.१ शी. पण १.६ मध्ये एक गंभीर दोष निघाला: मुद्दाम रचलेल्या टॉरेंट फाइलने परक्या माणसाला संगणकाचा ताबा मिळवता येत होता, आणि तो दुरुस्त झाला तो २००७ च्या फेब्रुवारीत, नव्या मालकाने काढलेल्या १.६.१ या आवृत्तीत. त्यानंतर २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी यूटॉरेंटच्या तत्कालीन आवृत्त्यांतही गंभीर छिद्रे दाखवली, तेव्हा केवळ नवी आवृत्ती घेतली म्हणून निर्धास्त होता येत नव्हते. क्यूबिटटॉरेंटकडे गेलेल्यांपुढे हा पेच उरला नाही. परंतु आजही असे जुने संगणक आहेत ज्यांच्या कोपऱ्यात २.२.१ चा तो लहानसा हिरवा ठिपका तेवत असतो, आणि त्यांचे धनी ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ ही सूचना दर खेपेस ‘नाही’ म्हणून मिटवीत असतात.